गच्चीवरचं वाळवण

१७ मार्च, सोमवार

टण्ण! — सत्तर वर्षांपूर्वीचा आवाज. आई बुधवारच्या बाजारात मडकं घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत. मी तिच्या पदराआड, चौथीतली कविता पुटपुटत.

डोळे उघडले तर आवाज आमच्याच गच्चीवरून. रासा खापरं वाजवून बघत होती!

रासा लिथुआनियाची. पेठ रस्त्याला एका गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन चाललंय, तिथं खापरांचा अभ्यास करायला आली. डिसेंबरपासून आमच्या वरच्या खोलीत राहते. तिच्या भाषेत रासा म्हणजे दव. एवढं कळल्यावर खोली द्यायला आणखी काय चौकशी करायची! माझी बायको मालिनी गेल्यापासून चार वर्षं जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं. आता रोज पहाटे साडेपाचला वाजतं.

देवा, उपकार.

२० मार्च, गुरुवार

साइटवर पाण्याची ओरड, म्हणून काही खापरं इथं येतात. धुवायची, गच्चीवर वाळवायची. प्रत्येक थराचं ताट वेगळं, ताटात दगडाखाली चिठ्ठी. कुठलं खापर जमिनीत किती खोल सापडलं, ते त्या चिठ्ठीवरूनच कळतं. चिठ्ठी गेली की नुसतं फुटकं मडकं!

उत्खननाचे प्रमुख उपेंद्र सर. त्यांनी नाखुशीनंच परवानगी दिली. "एक चूक झाली की सगळं साइटवरच्या कॅम्पवर. आणि रासा, तूही."

पोळ्या-भांड्याला येणारी नवसाबाई खो खो हसते. "रसाताई, इतक्या लांबून आल्या, अन् खापराच्या कुरडया घालता व्हय?"

२१ मार्च, शुक्रवार

अनर्थ!

दुपारी आभाळ आलं. रासा साइटवर, मी झोपलेला. नवसाबाईनं वाळवण उचलावं तसं सगळं उचललं — सातही ताटं एका घमेल्यात! आणि चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून वेगळ्या काढून, नीट गठ्ठा करून देवघरात ठेवल्या.

पाऊस आलाच नाही. एक थेंब नाही!

रासा येऊन घमेल्यापाशी बसली. नवसाबाई म्हणाली, "एक बी फुटलं नाय, ताई. बघा तर." मग आमची तोंडं पाहिली, पदर तोंडाला लावला अन् निघून गेली.

२३ मार्च, रविवार

रासाकडे ताटांचे फोटो आहेत! पसरल्याबरोबर काढून ठेवायची तिची सवय. काल सकाळपासून जुळवतोय. छत्तीस वर्षं नाशिकरोडला आर.एम.एस.मध्ये, रेल्वेच्या टपालात, पत्रं खान्यांत टाकली — हात विसरलेला नाही. ती फोटोत बोट ठेवते, मी खापर शोधून त्या ताटात टाकतो. ताल राहावा म्हणून शाळेतल्या कविता म्हणतो. माझी संपली की ती तिच्या आजीचं बडबडगीत म्हणते. किती वर्षांनी कोणाला तरी माझ्या या हातांची गरज पडली!

चारशेबारा खापरं. एकोणीस उरली, फोटोत धड दिसत नाहीत. बेवारस टपालासारखी.

मी म्हटलं, "एकोणीसच ना? टाक कुठल्याही ताटात. कोणाला कळतंय?" — लिहितानाही लाज वाटते.

ती म्हणाली, "आजोबा, पत्ता वाचता आला नाही तर तुम्ही पत्र कुठल्याही खान्यात टाकत होता?"

एकोणीस वेगळ्या पिशवीत.

२४ मार्च, सोमवार

रासानं सरांना सगळं कळवलं. सगळं खरं — एक सोडून. 'मीच गोळा केली' असं लिहिलं.

"अगं, का?"

"मला फक्त रागावतील, आजोबा. नवसाबाईंचं नाव मात्र सगळीकडे खराब होईल."

संध्याकाळी सरांचं उत्तर. शनिवारी जीप येईल. खापरं कॅम्पवर, रासाही.

२६ मार्च, बुधवार

नवसाबाई त्या दिवसापासून आलेली नाही. आज फोन केला. रासानं आळ स्वतःवर घेतला, आता तिला जावं लागणार, हे सांगून टाकलं.

पलीकडून "अस्सं?" — अन् फोन बंद.

२८ मार्च, शुक्रवार

रासाची ट्रंक भरून झाली. मी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. सतरा. पन्नास वर्षं या घरात राहून कधी मोजल्या नव्हत्या!

तीन-साडेतीन महिने मिळाले. तेही कुठं कपाळावर लिहिलेले होते? तक्रार नाही.

जेवण मात्र गेलं नाही.

२९ मार्च, शनिवार

दहाला बेल वाजली. जीपचा ड्रायव्हर असणार, म्हणून ट्रंक सरकवत दारापर्यंत आणली अन् दार उघडलं. दारात स्वतः उपेंद्र सर!

"तुमच्या बाई पहिल्या एसटीनं कॅम्पवर येऊन उभ्या राहिल्या," म्हणाले. "'चूक माझी हाय, पोरीला का काढता?' म्हणे. मला त्या एकोणीस खापरांची पिशवी बघायचीय. कोणत्याही ताटात दडपून टाकता आली असती, नाही?" मग ट्रंककडे बघून, "ही वर ठेवा, आजोबा."

त्यांच्या मागून नवसाबाई, डोक्यावर न धुतलेल्या खापरांची पाटी. प्रत्येक पुडीला चिठ्ठी दोऱ्यानं करकचून बांधलेली.

"सरका की बाबा दारातून! लय जड हाय."