तिसरा पट्टा

तात्सुओदादा,

आकिहाबारातलं आपलं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान आज कायमचं बंद केलं. शेवटचं गिऱ्हाईक कुरामोचीकाका. घरी रेडिओ जोडणारे तेवढेच उरले होते. म्हणाले, "फुसाए, नातू म्हणतो, सुटे भाग फोनवरून मागवा. माझ्या रेडिओला काय दुखतंय ते फोनला काय कळणार?" मला ना हसू आलं, ना रडू.

दुपारी भंगारवाला खण रिकामे करत होता. हजार ओहमच्या खणात दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर निघाला. दोघांच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत फरक फक्त तिसऱ्याचा, लाल की नारिंगी. आठवतंय? असाच चुकीचा रेझिस्टर विकला गेला आणि रेडिओ मुका झाला म्हणून कुरामोचीकाका भांडायला आले होते. खण भरणं तुझं काम. बाबा तुला म्हणाले, "रंग दिसत नाहीत तर इथे कशाला बसतोस? जा, मुळे वीक!" तू गेलास. एकेचाळीस वर्षं मुळेच विकतोयस, आणि अजून वहिनीला रंग विचारून मोजे घालतोस.

तो खण त्या दिवशी मी भरला होता, दादा. चूक तुझ्या डोळ्यांची नव्हती. मला जत्रेला जायची घाई होती. बाबा तुला ओरडले तेव्हा मी गप्प बसले, मग गप्प बसायची सवयच झाली.

हे तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन पत्रं खणांबरोबर भंगारात गेली. हे पाठवायचं धाडस झालंच, तर तो रेझिस्टर सोबत घालीन. तिसरा पट्टा बघ. वहिनीला विचारू नकोस. तुला जो दिसेल, तोच त्याचा रंग आहे.

तुझी धाकटी,
फुसाए