नळीतला झेंडू

वळसंग
१२ सप्टेंबर १९७६

प्रिय चन्नवीर,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायची आणि कार्ड तसंच ठेवून द्यायची. आज अंतर्देशीय घेतलं आहे. हे उघड्या कार्डावर लिहिण्यासारखं नाही.

यंदा तूर बरी आहे. शेताचं सगळं चनबसप्पाच बघतो. धाकटा दीर असला तरी यांच्यामागे घर त्यानेच धरलं आहे.

यांना बंदुकीचा परवाना मिळाला तेव्हा तू फौजेतून रजेवर आला होतास. यांना ओढ्यापलीकडे नेऊन शिकवायचास. काडतूस घालण्याआधी दर वेळी बंदूक उघडून नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं, आणि महिन्यातून एकदा तरी सराव करायचा, नाहीतर हात विसरतो, असं तू बजावलंस. तू गेल्यावर थोडे दिवस यांनी केलंही. मग बंदूक खुंटीवरच राहिली. पुढच्या रजेत तू विचारलंस तर हे पंगतीत म्हणाले, ‘मेव्हणं, बंदूक हाय का तबला, रियाज करायला? डुक्कर काय दाद देतंय व्हय?’ सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. तू खाली मान घालून जेवत राहिलास.

त्यानंतर बंदूक फक्त खंडेनवमीला पूजेसाठी खाली यायची. हे तेलाने पुसायचे, मी विभूती लावून हार घालायची आणि नळीच्या तोंडात झेंडूचं फूल घट्ट खोवायची. गेल्या वर्षी फूल काढताना नुसतं देठ हातात आलं, बाकीचं आत गेलं. मी यांना सांगितलं. ‘उडवताना निघंल की,’ म्हणाले, आणि बंदूक खुंटीला लावली. माघात ज्वारीत डुकरं शिरली. हे घाईने बंदूक घेऊन गेले. उजेड बघायची सवय कधीच मोडली होती. नळी हातापाशीच फुटली आणि हे गेले.

भेटायला आलेल्या सगळ्यांना मी सांगितलं, काडतूस खराब निघालं. तुलाही तेच कळवलं. पूजा माझ्या हातची होती, आणि गावाने यांना बेफिकीर म्हणावं हे मला सोसवलं नसतं. लोक अजून त्या काडतुसाला शिव्या देतात आणि मी ऐकून घेते. माझी मला लाज वाटते.

आता चनबसप्पाने स्वतःच्या नावाचा परवाना काढला आहे. दसऱ्याला नवी बंदूक येणार. काल मी सरावाचं नाव काढलं तर म्हणाला, ‘वैनी, दादाचा हात लई चांगला होता. काडतुसानं घात केला. मी नव्या पेठेतनं चांगली काडतुसं आणतो, म्हंजे झालं.’ माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून तो बंदूक हातात घेणार आहे. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्याला भाकरी वाढून आत आले. तू दसऱ्याच्या आत रजा काढून ये. त्याला नीट शिकव. तू गेल्यावर दर महिन्याला सरावाला मी त्याला घराबाहेर काढीन, मग तो कितीही हसू दे. पण आधी खरं काय ते मीच सांगेन. तू नुसता शेजारी बस.

वाट बघते.

तुझीच,
दाक्षायणी अक्का