मधल्या रांगेत दोन सीट

रवि. २ नोव्हें.
सुमनचं वर्षश्राद्ध १६ ला, गावी. आमच्या संदेशची नवी सात सीटची गाडी पहिल्यांदाच लांब जाणार. मृणालने दोन्ही नातवंडांच्या सीट खाली पार्किंगमध्ये आणून ठेवल्या. अर्णवची जुनीच, तीच. कापडावर बिस्किटाचा डाग अजून आहे. हात लावायचा धीर झाला नाही. ओवीची नवी. पाच महिन्यांची पोर, तिचं तोंड मागे करून बसवायचं असतं म्हणे.
सुमनची मोठी बहीण कुसुमताई आल्या होत्या. "पोरीला शिक्षा केलीये का रे, तोंड फिरवून बसायची?" सगळे हसले. मीही.

मंगळ. ४
हाटकेशच्या दुकानात जाऊन सीट गाडीत बसवून आणल्या. दुकानदाराने गुडघा रोवून पट्टा ओढला. "अंकल, हिलना नहीं चाहिए. हिला तो समझो लगाया ही नहीं."
संध्याकाळी दोनदा खाली जाऊन हलवून पाहिल्या. हलत नाहीत.

शनि. ८
आज सगळ्यांनी बसून पाहिलं. पुढे संदेश, शेजारी कुसुमताई (गुडघे). मधल्या रांगेत दोन सीट, त्यांच्यामध्ये मृणाल, अंग चोरून. तिच्या पट्ट्याचं बक्कल ओवीच्या सीटखाली गेलं, बोटं घालून काढलं. मी शेवटच्या रांगेत. पण तिकडे जायला मधली सीट दुमडावी लागते आणि तिच्यावर अर्णवची सीट. म्हणजे डिकीतून चढायचं. वॉचमन म्हणाला, "काका, सामान के साथ जाओगे क्या?"
चढलो. दार लागलं आणि मी कडी चाचपायला लागलो. आतून उघडायला काही सापडेना.
शिवाय मी मागे बसलो तर सामान कुठे? भांडी, शिधा, मुलांच्या पिशव्या.
कुसुमताई: "एक सीट काढा की. अर्णवला मी घेते मांडीवर. तुम्ही काय सीटमध्ये वाढलात?"
"मांडीवर नाही." एवढ्या मोठ्याने बोललो की अर्णव रडायला लागला.
संदेश हळूच त्यांना म्हणाला, "बाबांना आईचं आठवतं, मावशी. तिने ऐकलं नाही ना त्या दिवशी."

रवि. ९
इथे तरी लिहावं.
गेल्या वर्षी गावाहून येताना चहाला थांबलो. संदेश हात धुवायला गेला. अर्णव सीटमध्ये कमान करून रडत होता. सुमन त्याला समजावत होती. मी म्हटलं, "राहू दे गं, घे मांडीवर. तासाभराचा तर प्रश्न आहे." पट्टा मीच सोडला. संदेश आला, चिडला. "आई, सीटमध्ये ठेव त्याला." तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पुढे जाऊन बसलो.
वीस मिनिटांनी समोरचा ट्रक अचानक थांबला. मांडीवर मूल म्हणून तिने स्वतःचा पट्टाही लावला नव्हता. दोन्ही हात अर्णवभोवती. स्वतःला सावरायला एकही नाही. त्याला ओरखडासुद्धा आला नाही.
वर्षभर सगळे म्हणतायत, तिने ऐकलं नाही. मी ऐकून घेतोय.

बुध. १२
ठरलं. मी एसटीने. मागची रांग पाडली की सामान मावतं.
मृणाल: "श्राद्ध आईंचं आणि तुम्हीच एसटीने? बरं दिसतं का, बाबा?"
म्हटलं, मागे कोंडल्यासारखं होतं. अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की गाडीत असलो आणि अर्णव रडला, तर कदाचित मीच परत

शुक्र. १४
कुसुमताई राहायला आल्या. पोहे खाताना त्यांच्यासमोर पुन्हा विषय काढला. म्हटलं, रस्त्यात मांडीवर घ्यायचं नाही. "हो हो, तुमची सीट डोक्यावर घेऊन बसते." सगळं सांगून टाकावं असं वाटलं. संदेश समोर होता. चहा प्यायलो.

शनि. १५
निघण्याआधी पार्किंगमध्ये दोन्ही सीटवर गुडघा ठेवून पट्टे ओढले. सामान ठेवायला आलेला संदेश बघत होता. मग बोरिवलीहून एसटी.
११.१०. मृणालचा फोन, कुठपर्यंत आलात. मागे अर्णवचं रडणं. कुसुमताईंचा आवाज, "अगं किती रडवशील, दे इकडे." मी म्हटलं, देऊ नकोस. तिला ऐकू गेलं नसावं. "हॅलो, बाबा? हॅलो?" मग रडणं एकदम थांबलं. फोन कट. परत लागत नाही.
११.३०. संदेश चालवतोय, म्हणून मृणालला मेसेज केला. "संदेशला वाचून दाखव. त्या दिवशी आईने नाही, मी पट्टा सोडला होता. अर्णवला सीटमध्येच ठेवा. रडू दे." कुसुमताईही ऐकतील. ऐकू देत.
एकच टिक.
१२.४०. स्टँडवर उतरलो. गाडी इथेच थांबणार, मग मी मागून रिक्षाने. पांढरी गाडी दिसली की उठतो. तीन गेल्या.
आता दोन टिक झाल्यात. फोन मात्र कोणाचाच नाही.
गाडी आली की आधी बाजूच्या काचेतून बघायचं, अर्णवच्या छातीवर पट्टा आहे का. मग संदेशकडे बघायचं.