डच विमान आणि माझं लायसन्स

१४ फेब्रुवारी १९३८, नाशिक
नाही म्हणाले! मुंबईहून विमान खात्याचे साहेब आले, माझं लायसन्स उलटसुलट पाहिलं, परत दिलं. "खुर्शीदाबाई, हे हिंदुस्थानी लायसन्स. विमान हॉलंडच्या नोंदणीचं. त्या सरकारच्या मान्यतेशिवाय तुम्हाला उडवता येणार नाही."
"हेच विमान इथल्या नोंदणीचं असतं तर?"
"तर खुशाल उडवा."
म्हणजे हात माझे तेच, आकाश तेच — आड येतात ती विमानावरची नोंदणीची अक्षरं!
त्या विमानाचा डच वैमानिक हेंड्रिक तापातच गावाबाहेरच्या माळावर उतरला. तेव्हापासून मलेरियाने दवाखान्यात पडून आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजावर विमान चढवायचंय, त्याआधी ते मुंबईत, जुहूच्या विमानतळावर पोचायला हवं. नाशिकात उडवणारं दुसरं आहे कोण?

१५ फेब्रुवारी
अब्बा म्हणाले, "सोड ना बेटी. परक्याचं विमान, परक्याचा कायदा."
"मी विमान शिकायला निघाले तेव्हा सगळा मोहल्ला असंच बोलत होता. तुम्ही नव्हता बोललात."
त्यांनी स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला.

१८ फेब्रुवारी
मान्यतेसाठी आधी डच विमानावर परीक्षा द्यायची म्हणे. डच विमान इथे हे एकच — आणि मान्यतेशिवाय त्याला हात लावायचा नाही! आधी हसले. मग अशी चिडले की जेवलेच नाही.

२० फेब्रुवारी
वाट सापडली! विमानात दोन जागा, दोन्हीकडे विमान चालवायचे दांडे. हेंड्रिक सोबत बसला की वैमानिक तो, मी शिकाऊ. साहेबांनी तोंड वाकडं करून होकार दिला. "पण उतरवायचं त्यांनीच!"
शिकाऊ तर शिकाऊ.

२४ फेब्रुवारी, मुंबई
आलो! हेंड्रिकला दोघांनी धरून पुढच्या जागेत बसवलं. "तुम्हीच विमान उचला, माझे हात थरथरतायत," म्हणाला. उचललं. कसारा घाटावर वाऱ्याने असं हाणलं की डावा पंख पार खाली गेला — सावरलं. त्याने दांड्याला बोटही लावलं नाही. जुहू दिसल्यावर मी ओरडले, "आता तुम्ही घ्या!"
"नको. तुम्हीच उतरवा."
केवढं मोठं मन या माणसाचं! उतरवलं.
साहेब हजर होतेच. हेंड्रिकचा हात हलवून म्हणाले, "सुरेख उतरवलंत!"
"मी उतरवलं," मी म्हटलं. थट्टा समजून हसले. पुन्हा सांगितलं. हसू थांबलं.

२५ फेब्रुवारी
हेंड्रिक आज बोलला. मलेरियावर दिलेल्या कोयनेलने दवाखान्यातच त्याची नजर गेलीय. नुसता धुरकट उजेड दिसतो. काल ना घाट दिसला, ना जुहू.
"आधी का नाही सांगितलंत?"
"मग तुम्ही नेलं नसतंत."
नेलं असतं!