डाव्या कडेची माणसं

मास्तर,

परवा तुमची नात घरी आली होती. दारातच म्हणाली, "काकू, पाटी धरणाऱ्या बाई तुम्हीच ना?" पन्नास वर्षांत मला कुणी या नावानं ओळखलं नव्हतं. एक डोळा बारीक करून बघायची तुमची सवय तिनं जशीच्या तशी उचलली आहे. काखेत कॉम्प्युटर आणि हातात बिस्किटांचा गंजलेला डबा घेऊन ती आली. डब्यात काय आहे ते आधी सांगितलं नाही, कॉम्प्युटर उघडला. त्यात आपलं रस्ता रुंदीकरणाचं रजिस्टर होतं, पानन् पान. जुने फोटो पुढं ठेवून गावाचा जुना रस्ता पुन्हा उभा करायचा, कुठं काय होतं, कोण राहत होतं, हे माणसांना विचारून लिहून काढायचं, असं तिचं काम चाललं आहे. मीही रंगात आले. ही हौदाची जागा, इथं टांगे उभे राहायचे, या उर्दू पाटीवर घडीसाज, म्हणजे घड्याळजी, असं लिहिलं होतं. दोन तास कसे गेले कळलं नाही. मग ती म्हणाली, "काकू, सगळे फोटो डाव्या बाजूनं कापलेले का हायत? आणि हे कोपर कुणाचं?" मी म्हटलं, "साहेबांचा हुकूम होता." आणि चहा गाळायला आत गेले.

तुम्हाला आठवत असेल. दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली होती. स्टेशनपासून धान्याच्या मोंढ्यापर्यंतचा रस्ता रुंद करायचं ठरलं होतं. पाडापाडी सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीचा फोटो काढायचा होता, म्हणजे आपला ओटा केवढा होता यावरून पुढं कुणी भांडायला नको. फोटो तुम्ही काढायचे. मी नवी कारकून, बावीस वर्षांची. उजव्या कडेला चौकटीच्या बाहेर उभं राहून, घराच्या नंबराची पाटी धरून हात तेवढा आत करायचा आणि पुढं प्रिंट रजिस्टरात डकवायचे, हे माझं काम. कामाच्या कागदात लिहिलं होतं, भिंतीचे फोटो. पण तुम्ही काही ऐकणारे नव्हतात. प्रत्येक घरातल्या माणसाला हाक मारून बाहेर बोलवायचात आणि डाव्या कडेला उभं करायचात.

"माणूस उभा केल्याबिगर भिंतीची उंची कशी कळंल?" हे तुमचं कारण. मी मापाची काठी दाखवली, तर म्हणालात, "काठीवर भरवसा ठिवू नकू, पोरी. वाळवी लागली की तीबी आखूड होती."

त्या रस्त्यावरच्या लोकांनी तर कमालच केली. घर पडणार म्हणून फोटो काढायलेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी नटूनथटून तयार. शिंप्यानं मशीन उचलून ओट्यावर आणली. मोंढ्याजवळच्या एका म्हाताऱ्यांनी निजामाच्या वेळची शेरवानी पेटीतून काढली, तिचा डांबरगोळ्यांचा वास मला रस्त्याच्या मध्यापर्यंत येत होता. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक उठून आलं आणि मालकाच्या शेजारी उभं राहिलं. शेळ्या पाळणाऱ्या एका आजीनं करडू उराशी धरलं आणि मला दम दिला, "हेबी घरातलंच हाय. ह्येला न्हाई म्हनू नगं." मी वैतागून म्हणाले, "मास्तर, ही काय जत्रा हाय का?" तुम्ही काळ्या कापडाखालून म्हणालात, "जत्राच हाय की. मोडायच्या आधीची." मला तेव्हा वाटायचं, हा माणूस सरकारी कामाचा खेळखंडोबा करायलाय.

आणि मग सत्तेचाळीस नंबर आला. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, ते घर माझं होतं. आमची वस्ती त्या रस्त्याच्या वळणावर, पुढच्या बाजूला विहाराचा निळा झेंडा. कचेरीत माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नव्हतं, आणि मीही कळू दिलं नव्हतं. पाण्याच्या माठाजवळ कोण उभं राहतं आणि कोण नाही, याच्या गोष्टी मी चार दिवसांत ऐकल्या होत्या. मी भीत होते, मास्तर. आज हे शांतपणे लिहिता येतं, तेव्हा तहान लागली तरी मी माठाकडं जात नव्हते.

आई नुकतीच जिनिंगमधून आलेली. केसांत कापसाची कुसं, लुगड्याचा काठ विटलेला. मला पाटी घेऊन उभं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तुम्ही मला विचारलंत, "ह्या कोन?" मी म्हटलं, "इथंच राहतात." आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग तुमच्याकडं वळून म्हणाली, "व्हय जी, आमी हितलेच." माझं खोटं तिनं इतक्या झटकन उचलून धरलं की मला लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही. ती आत गेली, पदरानं तोंड पुसून आली आणि डाव्या कडेला उभी राहिली, हात सरळ सोडून. फोटो झाल्यावर तुम्ही तिला हात जोडलेत. बाकीच्या बायांना तुम्ही बाई म्हणायचात. तिला म्हणालात, "येतो, माय."

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून ती भाकरी थापत होती, मी ताट घेऊन बसले होते. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "फोटू दावशील न मला?" मी म्हटलं, "सरकारी असतात ते. घरी आणता येत न्हाईत." ती म्हणाली, "बरं." आणि फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

प्रिंट आले तेव्हा मी ब्लेड आणि लोखंडी पट्टी घेऊन बसले आणि सगळ्यांची डावी कड कापली. भिंती राहिल्या. कुठं कोपर राहिलं, कुठं चपलेचं टोक, एका ठिकाणी करडाचा कान. कातरणं टोपलीत गेली. तुम्ही रजिस्टर बघायला कचेरीत आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. उभ्यानंच पानं उलटत होतात. शेवटपर्यंत गेलात, पुन्हा पहिल्या पानावर आलात. मला वाटलं, ओरडाल. पण तुम्ही हळूच म्हणालात, "भिंती लय छान चिटकवल्या, पोरी. पर त्या तर पडनारच हायत." बस, एवढंच. मला त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर इतकं लागेल असं कुणी बोललं नाही.

चार दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात, आणि मी मान खाली घालून बसले. तुम्ही टेबलावर एक पितळी कडीचं भिंग ठेवलंत. म्हणालात, "निगेटिव्ह बघायचं भिंग हाय. दुसरं आनलंय मी. तुला रजिस्टरातले बारीक आकडे वाचायला कामी यील." रागावलेला माणूस भेट आणतो, हे मला नवीनच होतं. ते भिंग मी नोकरीभर वापरलं. मोडी कागद त्याच्याखालीच वाचायला शिकले. कागदाच्या कडेला काय लिहिलंय ते आधी बघायचं, ही खोड मला तिथून लागली, आणि पुढं अभिलेख विभागात माझं जे काही बरं नाव झालं ते या एका खोडीमुळं. पुढं आडनाव आणि वस्ती दोन्ही मोठ्यानं सांगायलाही शिकले. माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्याले आणि बघणाऱ्याकडं बघत राहिले. पण तोवर तुम्ही गेला होतात. आई तुमच्या मागून दोन वर्षांनी गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. वस्तीत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाला सगळ्यांच्या घरी फोटोला हार असतो. आमच्याकडं तिची एक चप्पल आणि भाकरीची काटवट होती. माझ्या मुलानं विचारलं, आजी कशी दिसायची, तर मी आरशात बघून सांगायचे, हनुवटी अशी.

तर परवा चहा झाल्यावर तुमच्या नातीनं डबा उघडला. निगेटिव्ह. बटरपेपरच्या पाकिटांत, नंबरवार, एकही न कापलेलं. तुमच्या सुनेनं तीन घरं बदलली, पण हा डबा टाकला नाही, तिला माझा नमस्कार नातीबरोबर पाठवला. प्रत्येक पाकिटावर तुमचं बारीक अक्षर. "शिंपी. मशीनसह." "शेरवानी. डोळे मिटले, दुसऱ्यांदा काढला." "आजी. करडू हललं." वाचता वाचता मी मोठ्यानं हसले, आणि नातही हसली. मी खिडकीशी जाऊन एकेक निगेटिव्ह उजेडात धरलं आणि तुमचंच भिंग वर लावलं. सगळा रस्ता पुन्हा भरला, मास्तर. जिथं जिथं मी कोपर ठेवलं होतं तिथं तिथं माणूस उभा होता.

सत्तेचाळीस नंबरचं पाकीट मी स्वतः शोधलं. त्यावर तुम्ही लिहिलं होतं, "पाटीवालीची माय. एकदाच काढला. जराबी हलली न्हाई."

तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी, तिथंच. हनुवटी बघितली असणार तुम्ही. आणि मला कधी उघडं पाडलं नाही, कचेरीत नाही, रजिस्टर बघतानाही नाही. निगेटिव्हमध्ये आईचे केस पांढरे दिसतात आणि कापसाची कुसं काळी. डावीकडं ती, उजवीकडून आत आलेला माझा हात. आम्हा दोघींचा एकत्र असा हा एकच फोटो. तुमच्या नातीनं तो मोठा करून आणून दिलाय, काल भिंतीवर लावला. मी तुमची किती ऋणी आहे हे सांगायला मला नीट शब्द सापडत नाहीत, आणि सापडले असते तरी हे पत्र टाकायचं कुठं?

पण एक गोष्ट राहिली. साहेबांचा हुकूम होता, असं मी तुमच्या नातीला सांगितलं. पन्नास वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले. खरं असं की आधी मी एकच फोटो कापला होता, सत्तेचाळीस नंबरचा. मग तो बाकीच्यांपेक्षा अरुंद दिसायला लागला, कुणीही विचारलं असतं. म्हणून मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "फोटोत माणसं नकोत ना, साहेब?" त्यांनी मान वर न करता म्हटलं, "नकोत." एका बाईला लपवायला मी अख्ख्या रस्त्यावरची माणसं कापली.

उद्या तुमची नात माझं सांगणं लिहून घ्यायला येणार आहे. हुकमाची गोष्ट मागं घ्यायची आहे. तोंडातून निघेल की नाही, माहीत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगून बघितलं.