सुमनचा सत्कार

६ जाने.
पोलीस ठाण्यात मोहल्ला समितीची बैठक. नवे साहेब म्हणाले, "जनता आमचे डोळे आणि कान." म्हटलं, आणि तोंड? हसले. शाळेजवळ नशेच्या गोळ्या विकतात, माहिती द्या, नाव गुप्त राहील. तीनदा सांगितलं.

९ जाने.
सुमनच्या टपरीवर चहा. शाळेच्या वळणावरच बसते, गोळ्या कोण देतो ते तिला समोर दिसतं. बोलेना.
"आवं बाई, मला हितंच धंदा करायचाय. माजं नाव न्हाई ना येनार?"
"नाही येणार. मी आहे ना."

११ जाने.
सु.ला घेऊन ठाण्यात. गाडीचा नंबर, वेळ, सगळं घडाघडा सांगितलं. साहेबांनी चहा मागवला. येताना रिक्षात खुशीत. "च्या लय पानचट हुता बाई. मी इकला तर लोक मारतील."

१८ जाने.
गोळ्या विकणाऱ्या दोघांना उचललं. टपरीवर आल्याचा चहा, न मागता.

२७ जाने.
काल ठाण्याच्या आवारात झेंडावंदन, मग पोलीस मित्रांचा सत्कार. माइकवर: "गोळ्यांचं रॅकेट उघडं पाडणाऱ्या रणरागिणी, सुमनताई!" तिला नुसतं 'साहेबांनी बोलावलंय' म्हणून आणलेलं. शाल, नारळ, फोटो. पदर तोंडाशी धरून उभी. टाळ्या. मीही दोनदा वाजवली, हात आपोआप...
साहेबांना गाठलं. "नाव गुप्त ठेवणार होता."
"हो मॅडम, पण एवढं चांगलं काम! कौतुक नको करायला? इतरांना प्रेरणा मिळते."
मनापासून बोलत होता मूर्ख. लबाड असता तर भांडता तरी आलं असतं.

३० जाने.
पेपरात फोटो. दोघांपैकी एक जामिनावर बाहेर. टपरीवर आला, शांतपणे चहा प्यायला. जाताना म्हणाला, "मावशी, फोटो झकास आलाय." एवढंच.

२ फेब्रु.
सु.ची मुलगी स्वाती कुपवाडला कारखान्यात जाते. दोन दिवस तिच्या स्कूटीमागे एक मोटारसायकल, थेट गेटपर्यंत. ठाण्यात गेले. हवालदार: "धमकी दिली का? हात लावला का? मग गुन्हा कसला लिहू?" तरी एक शिपाई टपरीपाशी बसवला. त्याला बघून गिऱ्हाईक फिरकेना.

५ फेब्रु.
टपरी बंद. मायलेकी पाटणकडच्या एका गावी गेल्या. पत्ता फक्त मला दिलाय. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमाला ठावं आसंल वाटलं."
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिकवायच्या: खरं बोला, मान ताठ ठेवा. खरं बोलल्यावर चुलीचं सामान कुठे हलवायचं, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

११ फेब्रु.
सकाळी हवालदार घरी. सु.चा जबाब हवा, सहीनिशी. "फोटो आलाच आहे मॅडम, आता साक्षीदार व्हायला काय हरकत?" खुर्चीवरून उठवावंसं वाटलं. पण त्याचं पुढचं बोलणं खरं होतं: ती बोलली नाही तर दोघं सुटतील. सुटले तर स्वाती कुपवाडला परत कशी येणार? आणि बोलली तर...
सु.ला फोन केला. स्वातीनं उचलला. "आई रानात गेलीय. काय काम हुतं, बाई?" काही नाही म्हटलं, ठेवला.
हवालदार उद्या अकराला पत्ता न्यायला येतोय.