तीन-पाच

४ नोव्हेंबर, मंगळवार
ठरलं. गाडीत पलंग करून घ्यायचा. मागच्या सीट आडव्या पाडायच्या, वर प्लायची फळी, फळीवर गादी. झोपायचं तिथेच, उठायचं तिथेच. कोणाच्या घरी उतरायचं नाही.

अ. ला सांगितलं. (नवरा. पूर्ण नाव लिहायची आज इच्छा नाही.) म्हणाला, "आपल्याला काय माणसं नाहीत का, गाडीत झोपायला?"

आहेत ना. माणसंच आहेत. तीस वर्षांत आम्ही एकदाही लॉजवर उतरलेलो नाही. सुट्टी म्हणजे अ. ची ताई, चिपळूण. मे महिन्यात ताई, नाताळात ताई, आत्ता भाऊबीजेला परत ताई. इथून तिथवर गाडी चालवायची मी, कारण अ. ला हायवेची धडकी भरते. पोचल्यावर पदर खोचून ओट्याशी उभी राहायची तीही मीच. भाऊबीजेला सगळे गुहागरच्या समुद्रावर गेले. मी पुरणपोळ्या लाटत होते. परत येताना अ. विचारतो, "मजा आली ना?" त्या वेळी स्टिअरिंग माझ्या हातात होतं म्हणून गप्प बसले.

शाळेतून रिटायर होऊन पाच महिने झाले. एकवीसपासून मला आठ दिवस असे हवेत ज्यांत ओटा नाही. एवढंच मागणं आहे.

६ नोव्हें., गुरु.
मापं घेतली. शिलाईची टेप, पेन्सिल, चष्मा. पार्किंगमध्ये डिकीतून आत शिरले, पाय बाहेर. तिसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन थांबल्या. सांगितलं, पलंग बनवतेय. म्हणे, "गाड़ी में सोने का? घर में झगड़ा हुआ क्या?"
"अभी तक नहीं," म्हटलं.

लांबी सहा फूट. रुंदी, चाकांवरचे दोन फुगवटे असतात त्यांच्या वर, बरोब्बर साडेतीन. दोन्ही बाजूंना फळी टेकायला कड आहे. तीनदा मोजलं. गोडदेवच्या प्लायवाल्याला चिठ्ठी दिली: ६ × ३.५. शनिवारी कापून देतो म्हणाला.

अ. ने मदत केली. म्हणजे टेपचं दुसरं टोक धरलं, आणि तेही फोन वाजल्यावर सोडलं.

८ नोव्हें., शनि.
प्लाय आला. एक इंच कमी! उजवीकडे कडेवर टेकतो, डावीकडे धपकन खाली.

तशीच चिठ्ठी घेऊन दुकानात. दुकानदार थंड. "मैडम, आपने तीन पाँच लिखा, मैंने तीन पाँच काटा." त्यांच्याकडे टिंबाच्या आधी फूट, टिंबाच्या नंतर इंच. सगळं गोडदेव तसंच लिहितं म्हणे. म्हणजे माझं साडेतीन त्याच्या लेखी तीन फूट पाच इंच. मी अठ्ठावीस वर्षं सातवीला दशांश अपूर्णांक शिकवले. पॉइंट पाच म्हणजे अर्धा. अर्ध्या फुटाचे सहा इंच. हे मी त्याला त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच पेन्सिलने करून दाखवलं. तो म्हणाला, "वो स्कूल में होता है."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. आणि अ. ? अ. पण हसला. वर दुकानदाराला म्हणतो, "जाने दो भाईसाब, टीचर थी ना."

घरी येताना मला म्हणे, "तू उगाच तीन-पाच करतेस."
शब्द बरोबर सापडला त्याला. दिवसभर बोलले नाही. रात्रीची खिचडी मुद्दाम अळणी केली आणि मलाही तीच खावी लागली.

९ नोव्हें., रवि.
चूक माझी आहे. चिठ्ठीवर फूट-इंच लिहायला हवं होतं. पोरांचे अर्धे मार्क मी याच्यासाठीच कापायचे, एकक कुठे आहे म्हणून. हे फक्त इथे लिहितेय. बाहेर मेले तरी कबूल करणार नाही.

११ नोव्हें., मंगळ.
मासेवाली मंदाबाई म्हणाली, तिचे मोठे दीर किनाऱ्याकडच्या डोंगरीला होडीचे सुतार आहेत. वय झालंय, होड्या आता होत नाहीत, पण हात अजून चालतो. गाडी काढली आणि गेले. अ. ही आला, बाजूच्या सीटवर, तोंड पाडून.

हरेश्वरकाका. बारीक अंग, कानावर पेन्सिल. मी टेप पुढे केली तर बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, "टेप कोपऱ्याला चालतं, बाय. होडीला कोपरा न्हाय. तुझ्या गाडीला बी न्हाय." खिशातून सुताचं रीळ काढलं. डिकीत मांडी घालून बसले, सूत गाडीच्या पोटाला आतून चिकटवत नेलं आणि जिथे वळण येईल तिथे गाठ मारली. कागद नाही, आकडा नाही. मी बघत राहिले. मला राग यायला हवा होता, आकड्यांवर आयुष्य गेलंय माझं. नाही आला.

मग विचारलं, "किती मानसं झोपनार?"
"दोन," मी म्हटलं.
काकांनी अ. कडे बघितलं. अ. फोनवर होता.

प्लाय फेकायचा नाही म्हणाले. डाव्या अंगाला एक इंचाची पट्टी जोडायची की झालं. फक्त लाकूड जुनं हवं, वाळलेलं. नवं आक्रसतं, मग फळी परत घसरते. "घरात सागवान असंल तर आन." आमच्या घरात सगळं लॅमिनेट. सागवान कुठलं?

१४ नोव्हें., शुक्र.
सांगाडा झाला. चार पायांच्या चार उंच्या, कारण गाडीची जमीन सरळ नाहीच. खाली दोन खण, सामानाला. डाव्या फटीत तात्पुरता पुठ्ठा दुमडून घातलाय.

डोंगरीलाच, काकांच्या अंगणात, गादी टाकून आडवी झाले. पाय पूर्ण लांब होतात. खिडकीतून नारळाचा शेंडा दिसत होता. कोणी हाक मारली नाही. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. एवढ्याशा गोष्टीला अठ्ठावन्न वर्षं लागावीत?

काकांनी गाठींचं सूत मला देऊन टाकलं. वहीत ठेवलंय.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी ताईंचा फोन. मला. "अवी म्हणाला आठवडाभर येताय. बाई, फार बरं झालं. तेवीसला सत्यनारायण घातलाय, चाळीस पानं आहेत. माझे गुडघे तू बघितलेसच."

अवी म्हणाला!
मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कुकर झाला म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

अ. बाल्कनीत झाडांना पाणी घालत होता. विचारलं, कधी सांगितलंस? तर प्लाय आणला त्याच दिवशी. म्हणजे काका गाठी मारत होते, मी "दोन" म्हणत होते, तेव्हा याला माहीत होतं. पलंगाचं काय मग? तर म्हणे वाटेत दुपारी पडायला होईल की.

वाटेत दुपारी पडायला.

मग जे झालं ते लिहून ठेवते, पुढे म्हणेल मी असं बोललोच नाही. मी म्हटलं, आत्ता फोन कर आणि नाही सांग. तो म्हणाला, "तिला नाही म्हणायला मला तोंड नाही गं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. ती चौदाची. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची माझ्यासाठी."
मला माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हापासून ऐकतेय. ते खोटं नाही, त्याचंच तर वाईट वाटतं.
मी म्हटलं, "तिचं ऋण तुझं आहे. फेडतेय मी. तीस वर्षं तुझं तोंड गप्प आणि माझे हात चालू."
पाण्याची झारी कुंडीत तशीच कलती ठेवून आत गेला. कुंडीतून पाणी खालच्यांच्या कपड्यांवर. त्यांची बोलणीही मीच खाल्ली.

१७ नोव्हें., सोम.
बोलणं बंद. तो ताईंना फोन करत नाहीये, मी बॅग भरत नाहीये.
मीच का नाही सांगत ताईंना? विचार केला. सांगू शकते. पण मग मी त्यांच्या भावाला तोडणारी, आणि तो बिचारा. नाही. हे त्याने सांगायचं.

१८ नोव्हें., मंगळ.
अ. अचानक कामाला लागला. गाडी धुतली, गादीला नवी चादर, खाली खणात सामान लावलं. मला वाटलं, वठणीवर आला. खरंच वाटलं. दुपारी त्याच्यासाठी शिरासुद्धा केला.

संध्याकाळी बॅटरी शोधायला डावा खण उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं.
पोळपाट. लाटणं. माझं.

विचारलं तर सरळ चेहऱ्याने, "ताईचा पोळपाट हलतो म्हणाली. तुझा हात याच्यावर बसलाय ना." म्हणजे ओटा ज्यात नाही अशा आठ दिवसांसाठी मी पलंग केला आणि याने त्या पलंगाखाली ओटा घातला. बरं, याला कळतही नाही. मुद्दाम केलं असतं तर परवडलं असतं.

पोळपाट ताईंनीच दिलेला, लग्नात. एका लाकडाचा, जड. "जन्मभर पुरेल," म्हणाल्या होत्या. पुरला.

तिथेच डिकीत तो मांडीवर घेऊन बसले. मग टेप काढली. जाडी एक इंच. सागवान. तीस वर्षं वाळलेलं.

१९ नोव्हें., बुध.
एकटी डोंगरीला. काकांच्या पुढ्यात ठेवला.
"ह्यो पोळपाट हाय, बाय."
"हो."
"घरच्यांना म्हाईत हाय?"
"मीच घरची."

काकांनी आतून करवत आणली आणि माझ्या हातात दिली. "अन्नाची वस्तू हाय. मी न्हाय कापनार. तुझी हाय, तू काप." मला वाटलं टाळतायत. पण पोळपाट धरून ठेवायला स्वतः बसले, गुडघा लावून.

करवत पहिल्यांदा धरली. पहिला काप वाकडा. दुसरा त्याहून वाकडा. काका म्हणाले, थांब, पानी पी. प्यायले नाही. मध्यावर आल्यावर लाकडाला पोळीचा वास आला, पिठाचा आणि तुपाचा. तेव्हा एकदा थांबले. थांबले हे लिहिलं पाहिजे. मग कापून काढला.

चार पट्ट्या निघाल्या. पुढचं काकांनी केलं. रंधा मारला, डाव्या अंगाला थोडं थोडं अंतर सोडून ओळीने बसवल्या, स्क्रू पिळले. फळी टेकली. हाताने दाबली, वर चढून बसले, हलत नाही.

लाटणं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवलं, होतं तसं.

२० नोव्हें., गुरु.
सापडलं त्याला. उद्या निघायचं म्हणून सामान तपासत होता. लाटणं हातात घेऊन वर आला. "पोळपाट काढलास?"
त्याला खाली नेलं, पलंगाची डावी बाजू दाखवली. एका पट्टीवर कडेची गोलाई राहिलीय अजून. त्याने त्याच्यावरून अंगठा फिरवला.
"ताईने दिलेला होता."
"हो."
मला वाटलं ओरडेल. तयारच होते मी, सगळी वाक्यं तयार होती. तर तो बूट काढून पलंगावर चढला आणि भिंतीकडे तोंड करावं तसा खिडकीकडे तोंड करून पडून राहिला. तासभर. पहिला झोपला कोण, तर तो! माझ्या पलंगावर रुसायचीही पाळी त्याचीच.

वर आल्यावर एवढंच म्हणाला, "हलत नाही."
फोन केलेला नाही. मी विचारलं नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
सकाळचे पावणेसात. वरसाव्याच्या अलीकडे टपरीपाशी गाडी लावलीय. मागे पलंगावर बसून लिहितेय, पाय लांब करून. अ. चहा आणायला उतरलाय.

पुढे सिग्नल दिसतोय. उजवीकडे वळलं की घोडबंदर, ठाणं, पुढे चिपळूण. सरळ खाडीच्या पुलावरून गेलं की तिकडे आपलं कोणी नाही. डहाणूपर्यंत नाही, त्याच्या पुढेही नाही. निघाल्यापासून दोघंही एकदाही म्हणालो नाही कुठे जायचं ते. काशिमिऱ्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "ताईला फोन करायचा का आपण?"
"आपण नाही," मी म्हटलं.
तेव्हाच म्हणाला, चहा घेऊ.

फोन इथेच पलंगावर टाकून गेलाय. आत्ता वाजतोय. ताई. फळीवर थरथरतोय, नेमका डाव्या अंगाला. मी उचलत नाहीये.

त्याला ऐकू गेला. दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन तिथेच उभा राहिलाय, रस्त्याच्या कडेला, माझ्याकडे बघतोय. आज हात त्याचे अडकलेत, माझे मोकळे आहेत. किल्ली माझ्याकडे आहे.

वाजायचा थांबला. आता परत वाजतोय. अ. ने एक ग्लास खाली ठेवला, दगडावर.